वैदर्भी रीती आणि कोरा सातबारा



या स्मृतिव्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय छापला आहे ‘इंग्रजीच्या विद्यार्थ्यांसाठी साहित्यशास्त्रातील संज्ञा’. हे वाचून तुम्ही आलात हेच विशेष. बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय घेतलं की या संज्ञांची वही सुरू होते. सिमिली, मेटाफर, मेटॉनिमी, ऑक्सिमोरॉन, आयरनी. व्याख्या दोन ओळींची, उदाहरण एका ओळीचं, मार्क दोन. उदाहरणंही ठरलेली. प्रेयसीचा गुलाब होतो, आयुष्याचा रंगमंच होतो, पेपर संपतो आणि वही धाकट्या भावाकडे जाते. दहावीपर्यंत मराठीत पाठ केलेले उपमा, उत्प्रेक्षा, अपन्हुती, व्यतिरेक तोवर विसरलेले असतात. ज्यांना आठवतात ते नव्या वहीत जुनीच नावं लिहून मोकळे होतात: मेटाफर म्हणजे रूपक, सिमिली म्हणजे उपमा, पुढचं पान.

मला आज या ‘म्हणजे’बद्दल बोलायचं आहे. ही दोन वेगवेगळ्या कारखान्यांत घडलेली हत्यारं आहेत. एकाचं लेबल दुसऱ्यावर चिकटवलं की दोन्ही बोथट होतात. शेजारी ठेवून आलटून पालटून वापरली, तर मात्र आपल्याच कानांवर रोज पडणारी वाक्यं उघडी पडतात.

आधी घरची गोष्ट. इंग्रजीच्या विद्यार्थ्याला वाटतं की साहित्यशास्त्र अथेन्समध्ये जन्मलं आणि अमरावती विद्यापीठामार्गे यवतमाळात आलं. पण तुम्ही ज्या प्रदेशात राहता त्याचं नावच एक साहित्यशास्त्रीय संज्ञा आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त काव्याचे दोन मार्ग सांगितले, वैदर्भ आणि गौड. श्लेष, प्रसाद, समता, माधुर्य वगैरे दहा गुणांना त्याने वैदर्भ मार्गाचे प्राण म्हटलं. पुढे वामनाने ‘रीती’ हाच काव्याचा आत्मा ठरवला. त्याच्याकडे रीती तीन झाल्या, आणि सगळे गुण ज्या एकीत एकत्र नांदतात ती वैदर्भी. कालिदासाची वाखाणणी करायची तर पंडित वैदर्भीचंच नाव घेत. गंमत अशी की दंडी दक्षिणेतला, वामन काश्मीरचा. वैदर्भीवर निवाडा देणाऱ्यांपैकी विदर्भात राहणारा जवळपास कुणी नाही. कापूस इथला आणि भाव ठरणार बाहेर, तसंच हे.

राजशेखराने तर याची कथाच केली. ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष भटकत निघतो आणि त्याला बांधून ठेवायला गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते. ती त्याच्या मागोमाग देश पालथे घालते. पूर्वेकडे त्याचं मन तिच्यावर फारसं जडत नाही, तेव्हा तो लांबलचक समासांनी बोलतो, ती गौडी. पांचालात थोडा विरघळतो, ती पांचाली. दक्षिणेत पुरता तिच्या अधीन होतो, तेव्हा जी सोपी, मोकळी वाणी त्याच्या तोंडून निघते ती वैदर्भी. मग विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्व विवाह होतो. वत्सगुल्म म्हणजे आपलं शेजारचं वाशीम. काव्य आणि साहित्यविद्या यांचं लग्न जिथे लागलं ते ठिकाण दारव्ह्याहून एसटीने गाठता येतं. वाशीमच्या स्टँडवर याचा फलक लावावा असं मला अनेकदा वाटलं आहे.

या कथेतलं शास्त्रही चोख आहे. शैली ही सजावट नसून बोलणारा ऐकणाऱ्यापुढे किती सैल झाला आहे याचं ते माप आहे, असं राजशेखर सुचवतो. समास लांब, म्हणजे मनातलं अंतर लांब. सरकारी परिपत्रक वाचताना हे आठवून पाहा.

पण या प्रादेशिक नावांवर तेव्हाही सगळे खूश नव्हते. भामहाने हा भेदच उडवून लावला होता. कुंतकाने तर काश्मिरी फटका मारला. मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल एखाद्या देशात असते, तसा काव्य करण्याचा प्रकार देशावर ठरत नाही, अशा आशयाचं त्याचं म्हणणं आहे. मुद्दा बिनतोड आहे. त्याने नावं बदलून सुकुमार, विचित्र आणि मध्यम असे मार्ग मांडले आणि भूगोल रद्द करून कवीच्या स्वभावाला जागा दिली. म्हणजे संज्ञा आयत्या स्वीकारायच्या नसतात, त्यांच्याशी भांडायचं असतं, हे आपल्या परंपरेत हजार वर्षांपूर्वी चालू होतं. मग पाठांतर करून गप्प बसायची सवय आपल्याला कुठून लागली कोण जाणे.

इंग्रजांनाही या संज्ञा आयत्या मिळालेल्या नाहीत. त्यांच्याकडे त्या ग्रीक-लॅटिनमधून आल्या आणि तिथल्या पोरांच्याही घशात अडकल्या. १५८९ साली लंडनमध्ये ‘द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी’ हे पुस्तक लेखकाच्या नावाशिवाय छापलं गेलं. ते जॉर्ज पटनमचं मानतात. दरबारातल्या स्त्री-पुरुषांना कळावं म्हणून या गृहस्थाने ग्रीक अलंकारांना घरगुती इंग्रजी नावं दिली. आयरनीला त्याने कोरडी थट्टा म्हटलं. हायपरबोलीला मोठ्या आवाजाचा खोटारडा. हायपॅलजी म्हणून एक प्रकार आहे, ज्यात विशेषण आपल्या धन्याला सोडून भलत्याच नामाला जाऊन चिकटतं. त्याला त्याने नाव दिलं बदललेलं मूल, म्हणजे पऱ्या पाळण्यातलं खरं मूल पळवून जे दुसरं ठेवून जातात ते. ही नावं टिकली नाहीत, विद्यापीठांनी ग्रीकच ठेवलं. पण पटनमची नावं वाचताना कळतं की त्याला अलंकार एखाद्या कृत्यासारखे दिसत होते. कुणीतरी कुणाला तरी काहीतरी करतो आहे. थट्टा करतो आहे, खोटं बोलतो आहे, मूल बदलतो आहे. हे बदललेलं मूल लक्षात ठेवा, थोड्या वेळाने त्याची गाठ पडणार आहे.

आता यवतमाळात येऊ. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला अलंकार कोणता? माझ्या मते ‘सातबारा कोरा करा’. मोर्च्यात, बॅनरवर, विधानसभेत, निवडणुकीच्या जाहीरनाम्यात तोच. इतका वापरला गेला की हा अलंकार आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. वर्गात मी हे वाक्य फळ्यावर लिहितो आणि विचारतो, शब्दशः अर्थ काय? गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, हक्क कुणाचे. नमुना बारा म्हणजे पेरा काय होता. हे दोन्ही कोरे झाले तर काय उरेल? जमिनीवर नाव नाही, पीक नाही, काहीच नाही. शेतकऱ्याला भूमिहीन करा, असा त्या घोषणेचा शब्दशः अर्थ होतो! मागायचं असतं ते एवढंच की सातबाऱ्यावरच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेचा जो बोजा चढवला आहे तो उतरवा. घाटंजीकडची एक मुलगी पटकन म्हणाली, “सर, म्हंजे सातबारा कोरा नाही पाह्यजे, तेवढा रकाना कोरा पाह्यजे.” बरोबर.

इंग्रजी संज्ञांनी याची चिरफाड छान होते. रकान्याऐवजी अख्खा सातबारा म्हटलं, म्हणजे अंशासाठी पूर्ण, ती सिनेक्डकी. कर्जाऐवजी कर्जाची नोंद असलेला कागद म्हटला, म्हणजे संबंधित वस्तूचं नाव, ती मेटॉनिमी. एकावर एक अशा दोन. पेपरात एवढं लिहिलं तर पूर्ण मार्क.

पण अलंकारशास्त्रातला मम्मट इथे थांबू देत नाही. मेटॉनिमीला मराठीत काय म्हणायचं म्हणून मुलं अलंकारांची यादी चाळतात आणि त्यांना ती सापडत नाही, कारण ती तिथे नाहीच. ती शब्दशक्तींच्या प्रकरणात आहे, लक्षणेत. लक्षणेचं जुनं ठेवणीतलं उदाहरण आहे: मचाणं ओरडताहेत. काशीच्या पंडितापेक्षा मारेगाव-झरीच्या पोराला हे लवकर समजतं. रात्री जागलीला गेलेली माणसं रानडुकरं आणि रोही हाकलायला मचाणावरून आरोळ्या देतात, तर ओरडणारी माणसं, मचाण नव्हे. मम्मट तीन अटी घालतो. मुख्य अर्थाला बाध यायला हवा. मुख्य आणि लक्ष्य अर्थात काही नातं हवं. आणि असं बोलण्याला एकतर रूढी हवी नाहीतर प्रयोजन हवं.

सगळी गोम या प्रयोजनात आहे. मेटॉनिमी ही संज्ञा नातं सांगून थांबते: कागद आणि कर्ज. मम्मट विचारतो, सरळ ‘कर्ज माफ करा’ का नाही म्हणालात? प्रयोजन काय? तेव्हा उत्तर शोधावं लागतं. ‘माफ’ म्हटलं की गुन्हा आला. माफी मागणारा खाली मान घालतो. ‘कोरा’मध्ये गुन्हा नाही. कोऱ्या कागदावर नव्याने लिहिता येतं, कोरं कापड सणाला घेतात. शेतकरी संघटनांच्या माणसांनी कर्जमाफी नको, कर्जमुक्ती म्हणा असा आग्रह धरला, त्यामागेही हेच भान होतं. घोषणा देणाऱ्याने मम्मट वाचलेला नसतो, पण प्रयोजन त्याला पक्कं ठाऊक असतं.

आता ते बदललेलं मूल. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण तालुक्यावरून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातं. नापिकी होती का, कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहिलं जातं. निकषांत बसलं तर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. या सगळ्या कारभारातून एक शब्दप्रयोग निघाला आणि वर्तमानपत्रांनी तो जसाच्या तसा उचलला: पात्र आत्महत्या, अपात्र आत्महत्या. इतक्या पात्र, इतक्या अपात्र, इतक्या चौकशीसाठी प्रलंबित.

पात्र कोण असतं? मदतीला कुटुंब पात्र असतं. फार तर प्रकरण पात्र असतं. विशेषण त्यांचं. ते त्यांना सोडून आत्महत्येला जाऊन चिकटलं. ट्रान्स्फर्ड एपिथेट किंवा हायपॅलजी शिकवताना इंग्रजीची पुस्तकं ‘झोपेविना गेलेली उशी’ अशा धर्तीची गोड उदाहरणं देतात. माझ्या लेखी आपल्या जिल्ह्यातल्या या उदाहरणाइतकं नेमकं उदाहरण दुसरं नाही. परीक्षेत मुलांनी हेच लिहावं असं मी सांगतो. या सरकण्याने काय झालं ते पाहा. कुटुंब या वाक्यातून बाहेर गेलं. समितीचा निर्णय बाहेर गेला. निकष बाहेर गेले. उरला एक मृत्यू, आणि तोच नापास झाल्यासारखा दिसू लागला. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज खाजगी सावकाराचं, म्हणून प्रकरण बसलं नाही, ही कागदाची गोष्ट. पण मागे राहिलेल्या बाईच्या कानावर येतं ते ‘तुमची अपात्र निघाली’. कुणी मुद्दाम हे केलं असं मी म्हणत नाही. फाइलीवर जागा कमी असते, टिपणी लिहिणाऱ्याला घाई असते. अशा ठिकाणी प्रयोजन नसतंच, असते फक्त रूढी, आणि मम्मटाने रूढीलाही लक्षणेचं कारण मानलं आहे. प्रयोजनाने केलेली लक्षणा निदान उत्तर देते. रूढीने झालेलीला जाब विचारायलाच कुणी नसतं.

याचीच सख्खी बहीण म्हणजे कर्ता गाळलेलं वाक्य. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या वर माणसं दगावली. बातम्यांमध्ये काय होतं? ‘विषबाधा झाली’. विष कुणाचं, मिश्रण कुणी सुचवलं, मास्क कुणी दिला नाही, हे सगळं त्या ‘झाली’ने गिळलं. इंग्रजी व्याकरणात कर्मणी प्रयोग शिकवताना ‘बाय’ लावून कर्ता परत आणायला सांगतात. मराठीत ‘झाली’ला तशी सोयच नाही.

मग इंग्रजी संज्ञा कशाला, मम्मटच पुरे, असं कुणाला वाटेल. तसं नाही. अलंकारशास्त्र काव्याभोवती वाढलं. श्लोक हे त्याचं एकक. कादंबरी हाती घेतली की ते अपुरं पडतं. कथा कोण सांगतो आहे, त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, पात्राच्या मनातलं बोलणं निवेदकाच्या तोंडी कसं मिसळतं, यासाठी पाश्चात्त्य समीक्षेने दीडदोनशे वर्षांत जी हत्यारं घडवली ती घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. आयरनीचंही तेच. उशिरा घरी आलेल्या पोराला आई म्हणते, “आले काय कलेक्टरसाहेब? बसा, वाढतो.” हे आपण व्याजस्तुतीत बसवू शकतो, वरून स्तुती, आतून निंदा. पण नाट्यगत आयरनी, म्हणजे प्रेक्षकाला माहीत आहे, पात्राला माहीत नाही आणि पात्र बोलत राहतं, तिला अलंकारांच्या यादीत घर सापडत नाही. सॉफोक्लिसच्या इडिपस राजाने शहरावरची पीडा दूर करायला गुन्हेगाराला शाप द्यावा आणि तो गुन्हेगार तोच असावा, हे ज्याला कळलं त्याला जाहीरनामे वेगळ्या कानांनी ऐकू येतात.

आणि अॅरिस्टॉटल. त्याचं ‘रेटरिक’ न्यायालय आणि सभा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे, म्हणून त्यात ईथॉस आहे: बोलणाऱ्याचं वजन, ऐकणाऱ्याचा त्याच्यावर बसणारा विश्वास. जानेवारी २०१९मध्ये इथे ब्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेल्यावर मोठं वादळ उठलं आणि शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. नवऱ्याने आत्महत्या केलेली, शेतात राबणारी बाई. त्या व्यासपीठावर त्यांच्या भाषणात अलंकार किती होते हे मोजण्यात अर्थ नव्हता. त्या उभ्या राहिल्या तेव्हाच अर्धं भाषण झालेलं होतं. ते अर्धं भाषण वाचायला मम्मट मदत करत नाही, ईथॉस ही संज्ञा करते. जाता जाता, अॅरिस्टॉटलने भाषणांचे तीन प्रकार केले: सल्ल्याचं, खटल्याचं आणि गौरवाचं. स्मृतिव्याख्यान तिसऱ्यात मोडतं. मी मघापासून दुसऱ्यात घुसलो आहे, संयोजकांनी सांभाळून घ्यावं.

नाव देणं हाही एक अलंकारच. राळेगाव-पांढरकवडा भागात एक वाघीण वावरत होती तेव्हा वनखात्याच्या कागदात ती टी-१ होती. शहरातल्या मेणबत्ती मोर्च्यात ती अवनी झाली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता, आणि २ नोव्हेंबर २०१८ला बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. टी-१ मेली तर मोहीम संपली. अवनी मेली तर हत्या झाली. आजूबाजूच्या गावांत मात्र ती नुसती ‘वाघीण’ होती. चेतनगुणोक्ती आणि पर्सॉनिफिकेशन यांच्या व्याख्या जवळपास एकच आहेत, पण नाव देऊन कुणाला जवळ आणलं आणि त्यामुळे कोण दूर गेलं, हा प्रश्न दोन्ही व्याख्यांत नाही. तो तुम्ही घालायचा आहे.

एक उदाहरण आपल्या जुन्या मराठीतलं. आय. ए. रिचर्ड्‌सने १९३६च्या ‘द फिलॉसॉफी ऑफ रेटरिक’मध्ये मेटाफरचे दोन भाग केले: टेनर, म्हणजे ज्याविषयी बोलायचं ते, आणि व्हेइकल, म्हणजे ज्याच्या आधाराने बोलायचं ते. हे दोन शब्द मुलांना फार छळतात. पण चक्रधरस्वामींचे दृष्टांत केशिराजाने तेराव्या शतकात ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले तेव्हा त्याने प्रत्येकाची मांडणी अशी ठेवली: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. हत्ती चाचपणारे आंधळे हा दृष्टांत. त्यावरून घ्यायचं तत्त्व ते दार्ष्टांतिक. व्हेइकल आणि टेनर, सहाशेहून अधिक वर्षं आधी, महानुभावांच्या मठात.

इथेही ‘म्हणजे’ लिहून पुढे जाऊ नका. रिचर्ड्‌सचं म्हणणं होतं की अर्थ या दोन भागांच्या घर्षणातून निघतो, तो कुठल्याही एका भागात आधीपासून बसलेला नसतो. केशिराजाला हे चाललं नसतं. त्याला दार्ष्टांतिक वेगळं, स्वच्छ लिहून ठेवायचं होतं, कारण ऐकणाऱ्याने हत्तीत रमून तत्त्व हरवलं तर पंथाचं नुकसान. एकाला अर्थ निसटलेला हवा, दुसऱ्याला बांधलेला. शिक्षक आणि कवी यांच्यातलं हे भांडण आहे, आणि मला दोघांचंही पटतं.

हा जिल्हा या बाबतीत उपरा नाही. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे वकिली, तुरुंग आणि राज्यपालपद सांभाळून टिळकांवर संस्कृतात ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ हे महाकाव्य लिहीत होते. १९७३ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, अणे गेल्यानंतर पाच वर्षांनी. त्याच १९७३ मध्ये यवतमाळच्या संमेलनाला गदिमा अध्यक्ष होते. बोरी अरबच्या शंकर बडेंनी वऱ्हाडी बोली कविसंमेलनाच्या मंचावर नेली. ज्यांच्या घरी कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलतात त्या मुलांकडे तर तिसरा कारखाना आहे, त्याची यादी अजून कुणी नीट केलेली नाही.

शेवटी एक गृहपाठ. तुमच्या पदवीवर ज्यांचं नाव छापलेलं असतं त्या गाडगेबाबांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, ते ऐका. बाबा प्रश्न विचारतात, समोरचे हजार लोक उत्तर देतात, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. इंग्रजीत रेटॉरिकल क्वेश्चन म्हणतात त्याला उत्तर अपेक्षित नसतं. हायपोफोरामध्ये विचारणाराच उत्तर देतो. सॉक्रेटिस एकट्यादुकट्याला गाठून विचारतो आणि त्याला निरुत्तर करतो. बाबांचा श्रोता निरुत्तर होत नाही. तो स्वतःच्या तोंडाने, सगळ्या गावासमक्ष, कर्ज काढून बारसं-लग्न करणं मूर्खपणा आहे असं कबूल करतो, आणि एकदा मोठ्याने बोलल्यावर त्याला मागे फिरता येत नाही. वरच्या तिन्ही खोक्यांत हे बसत नाही. प्रश्नोत्तरांची एक फेरी घ्या, दहा-बारा वाक्यांची. उत्तर कुणाच्या तोंडून येतं, आवाज कुठे चढतो, बाबा कुठे थांबतात, कुठे तेच वाक्य पुन्हा घेतात, हे शेजारी लिहा. मग त्याला नाव सुचवा, वऱ्हाडीत सुचलं तर वऱ्हाडीत. संयोजकांनी प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवला आहे, तेव्हा मी इथे थांबतो.